गोडो इंजिन: गच्ची, पापड, कावळे आणि माझा पहिला गेम

मी सांगलीत आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. प्रोग्रामिंगशी माझा संबंध म्हणजे बी.एस्सी.ला केलेलं थोडं सी आणि निकालपत्रकांसाठी एक्सेलमध्ये लिहिलेली सूत्रं, एवढाच. २०२५च्या उन्हाळी सुटीत मी माझा पहिला व्हिडिओ गेम पुरा केला. नाव ‘वाळवण’. गच्चीवर जुन्या साडीवर पापड घातलेत, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्यात, एक मुलगी काठी घेऊन राखणीला बसली आहे. कावळे येतात, त्यांना हाकलायचं. दीड मिनिटाचा खेळ. ऊन उतरलं की उरलेले पापड मोजायचे, तोच स्कोअर.

शाळेतल्या मुलांनी तो खेळल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, ‘बाई, मलाही गेम करायचाय, काय वापरू?’ त्या सगळ्यांसाठी हे एकदाच नीट लिहून काढते. मी वापरलं ते गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम घडवायचं सॉफ्टवेअर, आवृत्ती ४.४. पहिल्या गेमसाठी मी तेच सुचवते. का, ते सांगते आणि कुठे त्रास होतो तेही सांगते.

आधी एक अपयश सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मी एक मोठं, नावाजलेलं इंजिन उतरवून घेतलं होतं. मनात होता एक अख्खा डोंगरी किल्ला: त्रिमितीत, बुरूज, दिंडी दरवाजा, धान्याची कोठारं, रात्रीची गस्त. तीन आठवड्यांत एक भिंत आणि एक दरवाजा उभा राहिला, आणि दरवाजा उघडत नव्हता. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. पंखा असा ओरडायचा की शेजारच्या खोलीत लेकीचा अभ्यास होईना. मी सोडून दिलं. दोष इंजिनाचा नव्हता. पण गेम करणं आपल्याला जमणार नाही, असा जो समज तेव्हा बसला तो जायला दोन वर्षं लागली, आणि हे नुकसान मी मोठं मानते. सुरुवात करणाऱ्याचं पहिलं इंजिन निवडताना म्हणूनच मी एकच गोष्ट बघेन: यात माझा छोटा गेम शेवटापर्यंत जाईल का?

गोडो त्या कसोटीला उतरतं. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर या दोघांनी ते घडवलं आणि २०१४ साली एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. म्हणजे फुकट, आणि गेम विकून पैसे मिळाले तरी कुणाला हिस्सा द्यावा लागत नाही. फक्त परवान्याचा मजकूर गेमसोबत ठेवायचा. २०२३च्या सप्टेंबरमध्ये युनिटी या दुसऱ्या, बहुतेकांच्या वापरातल्या इंजिनाच्या कंपनीने गेम किती वेळा इन्स्टॉल झाला यावर शुल्क लावायचं जाहीर केलं, तेव्हा बरेच लोक गोडोकडे वळले. वर्षभराने युनिटीने तो निर्णय मागे घेतला. पण आपण ज्या जमिनीवर घर बांधतो तिचे नियम बदलू शकतात, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं. खुल्या परवान्यात ती भीती नाही.

डाउनलोड शंभर एमबीच्या आत. झिप उघडायची, आतली फाइल चालवायची, झालं. इन्स्टॉल करणं नाही, खातं उघडणं नाही. पहिल्यांदा नवा प्रोजेक्ट करताना ते रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवायची पद्धत, विचारतं: फॉरवर्ड प्लस, मोबाइल की कंपॅटिबिलिटी. जुना लॅपटॉप असेल तर डोळे झाकून कंपॅटिबिलिटी घ्या. फॉरवर्ड प्लसला व्हल्कनसारखी नवी ग्राफिक्स प्रणाली चालणारं हार्डवेअर लागतं, आणि साध्या द्विमितीय गेमला त्याची गरजही नाही. लॅपटॉपच नसेल तर गोडोचा एडिटर अँड्रॉइडवरही मिळतो. दहावीतला एक मुलगा टॅबवर त्याच्यातच काम करतो. बोटांनी कोड लिहिणं कष्टाचं आहे, पण तो करतो.

आता इंजिनाची रचना. गोडोमध्ये सगळं नोड आणि सीन यांत बसतं: नोड म्हणजे एकेक काम करणारा तुकडा, सीन म्हणजे अशा तुकड्यांची जुळणी. माझ्या गेममधला एक पापड म्हणजे एक सीन: त्यात चित्र दाखवणारा एक नोड, आणि ‘मला कुणी स्पर्श केला का’ हे बघणारा एरिया२डी नावाचा नोड. कावळा हा दुसरा सीन. गच्ची हा तिसरा सीन, आणि त्यात पापडाचा तोच सीन मी चोवीस वेळा ठेवला. पापड एकदाच करायचा, मग हवे तितके घालायचे. पापडाचं चित्र बदललं की चोवीसही ठिकाणी बदलतं. कावळा पापडाला टेकला की पापड ‘मला खाल्लं’ असा सिग्नल सोडतो आणि गच्ची तो ऐकून आकडा एकने कमी करते. पापडाला स्कोअरबद्दल काही माहीत नसतं, कावळ्यालाही नसतं. वर्गात मॉनिटर ‘सर आले’ म्हणतो आणि ज्याला जे करायचं ते तो करतो, तसंच हे. माझ्या मुलांना सिग्नल मी असाच समजावते आणि तो लगेच कळतो.

भाषा जीडीस्क्रिप्ट. पायथन येत असेल तर ओळखीची वाटेल. येत नसेल तरी आठवडाभरात हात बसतो. गणितवाल्यांना मात्र सांगून ठेवते: इथे वाय अक्ष खाली वाढतो. वर उडी मारायची तर वेग ऋण. पहिले दोन दिवस माझे कावळे जमिनीतून वर येत होते ते याच कारणाने. आणखी एक गंमत. उजवा आणि खालचा बाण एकदम दाबला की मुलगी तिरकी जाते, आणि काळजी घेतली नाही तर सरळ चालीपेक्षा १.४१ पट वेगाने जाते. तो २चं वर्गमूळ आहे, म्हणजे नववीच्या मुलांना रोज दिसणारा कर्ण. गोडोमध्ये चार दिशा एकत्र वाचणारं ‘गेट व्हेक्टर’ नावाचं फंक्शन आहे, ते वापरलं की हा फरक आपोआप जातो. पण मी आधी तो जाऊ दिला नाही. मुलांना दाखवला, पडद्यावर पट्टी धरून मोजायला लावला. पायथागोरसचा तास इतका जिवंत मी याआधी घेतलेला नाही.

कुठून सुरुवात करायची? गोडोच्या अधिकृत मार्गदर्शिकेत पहिला द्विमितीय गेम पायरीपायरीने करायला दिला आहे, ‘डॉज द क्रीप्स’. चारही बाजूंनी येणाऱ्या प्राण्यांना चुकवायचं, बस. तो पुरा करा. मला रोज दीड-दोन तास देऊन चार दिवस लागले. मग लगेच दुसरा धडा उघडू नका. त्याच गेममध्ये काहीतरी बदला: प्राण्यांचा वेग, त्यांची यायची दिशा, हरण्याची अट. मी प्राण्यांना खेळाडूऐवजी मधल्या एका चौकोनाकडे जायला लावलं, आणि तिथेच मला वाळवण दिसलं. धडा बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. पुढे एक ओळ स्वतःची लिहायला घेतली की खरं काय समजलं ते कळतं.

आणि चित्रं शेवटी. माझ्या गेममध्ये पहिले दहा दिवस पापड पांढरे गोल होते, कावळे काळे चौकोन आणि मुलगी निळा चौकोन. त्या चौकोनांना हाकलण्यात मजा येत नसेल तर सुंदर कावळ्यांनाही हाकलण्यात येणार नाही. किल्ल्याच्या वेळी मी नेमकं उलट केलं होतं, दगडांचा पोत शोधण्यात आठवडा घालवला होता. नंतर माझ्या लेकीने वहीत चित्रं काढली, फोनने फोटो काढून पार्श्वभूमी पुसली. घरात काढणारं कुणी नसेल तर केनी या नावाने मिळणारे चित्रसंच बघा. ते सीसी० परवान्याखाली आहेत, म्हणजे कुठल्याही अटीशिवाय वापरता येतात. आवाज मी आमच्याच गच्चीवर फोनवर रेकॉर्ड केला. नेटवरून उचललेलं काहीही वापरण्याआधी परवाना वाचा, एवढं मी मुलांना बजावते.

सगळ्यात मोठा धडा इंजिनाने दिला नाही, आईने दिला. चौकोन असतानाच मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि ठरवलं की तोंड उघडायचं नाही. आई बहात्तर वर्षांची, आयुष्यात गेम खेळलेली नाही, पण वाळवण पन्नास वर्षं राखलेलं. तिने अर्धा मिनिट बाण दाबले, सात-आठ पापड गेले, आणि हात काढून घेऊन म्हणाली, ‘अगं, कावळा असा येतो होय? सरळ खाली? तो आधी कठड्यावर बसतो. मान वाकडी करून बघतो. आपली नजर हलली की मग झेप घेतो.’

त्या रात्री मी कावळ्याला तीन अवस्था दिल्या: येऊन कठड्यावर बसणे, बघणे, झेप घेणे. मधल्या बघण्याला पाऊण सेकंद. तेवढ्याने गेम पूर्ण बदलला. आधी कावळा दिसेपर्यंत पापड गेलेला असायचा आणि खेळणाऱ्याला वाटायचं, आपल्या हातात काही नाही. आता तीन कावळे कठड्यावर दिसतात, कुणाकडे आधी धावायचं हे ठरवायला पाऊण सेकंद मिळतो, आणि चूक झाली तर ती आपली असते. शत्रूने हल्ल्याआधी खूण द्यावी, हे गेम करणाऱ्यांना माहीत असतं. मला ते आईच्या निरीक्षणातून मिळालं. बदल करायला मला दीड तास लागला. इतक्या लवकर तो करून, पुन्हा चालवून बघता येणं हे गोडोचं खरं बळ. एफ५ दाबलं की क्षणात गेम सुरू होतो. दिवसाला पन्नास वेळा चालवून बघणाऱ्या नवख्याला हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

खेळून बघायला देताना गप्प बसणं फार अवघड आहे. ‘तिकडे जा, तिकडे’ असं आपण म्हणालो की आपला गेम नव्हे, आपण खेळलो. वहीत लिहित बसा.

एक चूक मात्र भाच्याच्या घरी कळली. माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारे कावळे त्याच्या कॉम्प्युटरवर गोळीसारखे यायला लागले. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा, माझा ६०चा. मी दर फ्रेमला कावळा ५ पिक्सेल सरकवत होते. माझ्याकडे सेकंदाला ३००, त्याच्याकडे ७२०. उपाय एका शब्दाचा: वेगाला ‘डेल्टा’ने गुणायचं, म्हणजे मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ. सातवीचं सूत्र, आणि मीच विसरले होते. पहिल्या दिवसापासून डेल्टा लावायची सवय ठेवा, कारण एकाच यंत्रावर ही चूक कधी दिसत नाही.

आता मराठीबद्दल, कारण हे इतरत्र फारसं वाचायला मिळणार नाही. गोडो ३मध्ये देवनागरी नीट जुळत नसे. डावीकडे हवी ती ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे पडे, जोडाक्षरं फुटत. २०२३च्या मार्चमध्ये आलेल्या गोडो ४मध्ये अक्षरजुळणीची यंत्रणा नवी आली आणि ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्य’ सगळं नीट बसतं. मराठीत गेम करायचा असेल तर ४च घ्या, हे सांगायला एवढं एक कारण पुरे.

पण एक खाच आहे. गोडोसोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर ते विंडोजचा फॉन्ट उसना घेतं, त्यामुळे सगळं छान दिसतं. ब्राउझरमध्ये ती सोय नाही. मी गेम वेबवर चढवला, आईच्या फोनवर उघडला, आणि ‘वाळवण’च्या जागी रिकाम्या चौकटी. तोवर मी चार नातेवाइकांना लिंक पाठवून बसले होते. उपाय असा: देवनागरी असलेला फॉन्ट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणून टाका आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फॉन्ट इथे तो नेमा. मी बालू २ घेतला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी केलेला आहे, गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, गोलसर, ठसठशीत, पापडांच्या गेमला शोभतो. गंभीर काही करत असाल तर त्यांचाच ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट वापरा. स्कोअरचे आकडे मराठीत हवेत म्हणून मी दहा अंकांची अदलाबदल करणारं पाच ओळींचं फंक्शन लिहिलं. आईला चष्म्याशिवाय ‘१७’ दिसलं, तेव्हा ते वसूल झालं.

वेबचीच आणखी एक गोष्ट: वापरणाऱ्याने कुठेतरी टिचकी मारेपर्यंत ब्राउझर आवाज वाजू देत नाही. सुरुवातीला ‘चला गच्चीवर’ असं एक बटण ठेवा, प्रश्न मिटतो.

त्रासाच्या बाजू आता. पहिली, आवृत्त्यांचा गोंधळ. नेटवरचे बरेच धडे गोडो ३चे आहेत आणि त्यातली नावं ४मध्ये बदलली. किनेमॅटिकबॉडी२डीचं कॅरेक्टरबॉडी२डी झालं, यील्डचं अवेट झालं. फरशा मांडायचा टाइलमॅप नोडसुद्धा ४.३पासून बाजूला पडून टाइलमॅपलेअर आला. व्हिडिओ सुरू करण्याआधी आवृत्तीचा आकडा बघा, जुळत नसेल तर सोडा. नवख्या माणसाला चूक आपली की धड्याची हे ओळखता येत नाही, आणि तिथेच लोक गळतात.

दुसरी, कोलिजन लेअर आणि मास्क. कावळा पापडाला लागावा पण कावळ्याला कावळा लागू नये, एवढंच हवं असतं आणि समोर बत्तीस चौकटींची दोन जाळी उघडतात. लेअर म्हणजे ‘मी कुठल्या गटात बसतो’, मास्क म्हणजे ‘मी कुठल्या गटांकडे बघतो’. हे कागदावर लिहून पडद्याला चिकटवा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये त्या थरांना नावं देता येतात, ती पहिल्याच दिवशी द्या.

तिसरी, फाइलचं नाव बदलायचं तर गोडोच्या आतल्या फाइलसिस्टिममधूनच बदला. मी विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘कावळा’ची फाइल हलवली आणि गच्ची उघडेनाशी झाली, गोडोला वाट माहीत नव्हती. गिट, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, शिकून घेतलं असतं तर एका आज्ञेत मागे जाता आलं असतं. गोडोचे सीन साध्या मजकुराच्या फाइली असतात, त्यामुळे गिटमध्ये काय बदललं ते चक्क वाचता येतं.

पडद्याबाहेर गेलेल्या कावळ्यांचंही बघा. ते दिसत नाहीत म्हणून संपत नाहीत, मेमरीत उडतच राहतात. खाली डीबगरमध्ये मॉनिटर्स आहे, तिथे नोडची संख्या सतत चढताना दिसली की समजा, कुणीतरी हटवायचं राहिलंय.

गेम बाहेर काढायला एक्स्पोर्ट टेम्प्लेट वेगळे उतरवावे लागतात, जवळपास एक जीबी. मोबाइल डेटावर असाल तर रात्रीच लावून ठेवा. गोडोत चालणारी दुसरी भाषा, सी शार्प, येते म्हणून त्यातच लिहावं असं वाटत असेल तर थांबा, गोडो ४मध्ये सी शार्पचा गेम वेबवर काढता येत नाही, आणि पहिला गेम वेबवरच टाकावा असं माझं ठाम मत आहे. लिंक पाठवली की समोरचा खेळतो. इन्स्टॉल करायला सांगितलं की दहातले आठ जण ‘नंतर बघतो’ म्हणतात.

इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर टाकायला पैसे पडत नाहीत. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात एका गेमला १०० डॉलर भरावे लागतात, गुगल प्लेवर खात्याचे एकदाच २५ डॉलर. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पहिल्या गेमला हे काही नको.

नोकरीसाठी शिकत असाल तर मात्र माझा सल्ला अपुरा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० साली आला तो अनरियल या दुसऱ्या इंजिनात केलेला. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये युनिटी आणि अनरियल येणाऱ्यांना जागा आहेत, आणि भव्य त्रिमितीय दृश्यांत अनरियलची बरोबरी गोडो करत नाही. पण दरवाजा न उघडणारा किल्ला घेऊन मुलाखतीला जाण्यापेक्षा दीड मिनिटाचा पुरा झालेला गेम घेऊन गेलेलं बरं. सीन, सिग्नल, डेल्टा, अवस्था या कल्पना पुढे कुठल्याही इंजिनात सोबत येतात.

किती मोठा गेम घ्यावा? माझं माप असं: एक पडदा, एक क्रिया, एक हरण्याची अट. सागरगोटे चालतील. लगोरी नको, त्यात नेम आहे, रचणं आहे, पळणं आहे आणि दोन संघ आहेत. तो तिसरा-चौथा गेम. ‘वाळवण’मध्ये मला वळवाचा पाऊस हवा होता, शेजारणीचा बोका हवा होता, कुरडया आणि सांडगे हवे होते. सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि सुटी संपेपर्यंत त्या पानाला हात लावला नाही. एकोणतीस दिवसांत गेम चढला तो त्यामुळेच.

आईने परवा पुन्हा खेळून बघितला. चोवीसपैकी एकवीस राखले, आमच्या घरातला हा विक्रम आहे. फोन परत देताना म्हणाली, ‘नुसते पापडच का गं? कुरडया कुठायत?’ लेकीने काल रात्री कुरडईचं चित्र काढून दिलं आहे. आता वहीचं शेवटचं पान उघडते.